मनाला खरं सांगा : शिक्षकाचा स्वसंवाद, गैरसमज आणि वस्तुस्थिती

सकाळी नऊच्या सुमारास पिपरी मेघेहून आर्वी रोडला लागणाऱ्या गाड्या पाहिल्या की त्यातले शिक्षक लगेच ओळखू येतात. पाठीवर बॅग, हँडलला डबा, डिक्कीत तपासायच्या वह्या. वर्धा शहराला चिकटलेलं हे गाव. शेतं गेली, लेआऊट पडले, नोकरदारांची घरं उभी राहिली. इथून कोणी आर्वीकडे, कोणी सेलूकडे, कोणी देवळीकडे रोज अपडाऊन करतं. गाडीवरच्या त्या पाऊण तासात बोलायला कोणी नसतं, म्हणून माणूस स्वतःशीच बोलतो. "आज पुन्हा माहिती भरायला सांगतील." "चौथीचा भागाकार यंदाही राहणार." "आपल्या हातात काय आहे?"

अलीकडे या बोलण्यात एक नवा विषय आला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला. सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावं, असा तो निकाल. वीस-बावीस वर्षं फळ्यासमोर उभं राहिलेल्या माणसाला १५० मिनिटांत १५० प्रश्न सोडवायला पुन्हा बाकावर बसायचं आहे. हे न्याय्य की अन्याय्य, यावर वाद आहेत आणि ते व्हायलाच हवेत. पण वाद चालू असतानाही रात्री पुस्तक उघडताना मन जे बोलतं, ते थांबत नाही.

याच वेळी व्याख्यानांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून उपदेश सुरू होतात : सकारात्मक राहा, मन जिंका, जग जिंकाल. या उपदेशात थोडं खरं आहे, बरंच अर्धवट आहे आणि काही तर घातक आहे. ते निवडून वेगळं करायला हवं.

गैरसमज १ : स्वतःशी बोलणं हे कमकुवत मनाचं लक्षण

वस्तुस्थिती : स्वतःशी सगळेच बोलतात. लहान मूल गणित सोडवताना ओठ हलवतं, ते विचारच करत असतं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी हे मांडलं. मोठं झाल्यावर ओठ थांबतात, बोलणं आत जातं.

प्रश्न फक्त कसं बोलतो याचा. २०१४ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या इथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. अचानक भाषण द्यायला लावलेल्या लोकांपैकी काहींनी मनात 'मी' म्हणत विचार केला. काहींनी स्वतःला नावाने किंवा 'तू' म्हणून हाक मारली. दुसऱ्या गटाचं भाषण परीक्षकांना अधिक चांगलं वाटलं आणि नंतर लाज, घोळत बसणंही कमी झालं. आपल्या मित्राला सल्ला देताना आपण जितके शांत असतो, तितके स्वतःबाबत नसतो. नावाने हाक मारली की ते अंतर थोडं मिळतं.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक दोनशे पाच आहेत, आणि ते मनालाच समोर बसवून त्याच्याशी बोलतात. जणू मन म्हणजे समजावण्याजोगा कोणी शेजारी. ते श्लोक आपण पाठ केले. त्यातली पद्धत मात्र वापरायची राहिली.

गैरसमज २ : रोज आरशात 'मी सर्वोत्तम शिक्षक आहे' म्हटलं की तसं होतं

वस्तुस्थिती : ज्याला याची सर्वात जास्त गरज वाटते, त्यालाच हे बाधू शकतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वूड यांच्या गटाने २००९ मध्ये हे तपासलं. ज्यांचा स्वतःवरचा विश्वास आधीच कमी होता, त्यांना 'मी प्रेमास पात्र आहे' अशा अर्थाचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ते म्हटल्यावर त्यांना, न म्हणणाऱ्यांपेक्षा, जास्त वाईट वाटलं. आत्मविश्वास आधीच भक्कम असलेल्यांना थोडासाच फायदा झाला.

कारण साधं आहे. मनाला सगळं माहीत असतं. सहामाहीत निम्मा वर्ग भागाकारात अडकलेला असताना 'मी सर्वोत्तम' म्हटलं, तर मन लगेच पुरावे मागतं आणि विरुद्ध बाजूचे पुरावे स्वतःच काढून ठेवतं.

मग विश्वास येतो कुठून? अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेची कल्पना मांडली. अमुक एक काम आपल्याला जमेल, हा भरवसा म्हणजे स्वक्षमता. त्याचे चार स्रोत त्यांनी सांगितले : स्वतः करून मिळालेलं यश, आपल्यासारख्या दुसऱ्याचं यश पाहणं, कोणीतरी दिलेला धीर आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांत पहिला सर्वांत बळकट. शब्दांचा धीर त्यापुढे दुबळा. टीईटीची तयारी करणाऱ्या सरांना 'मी पास होणारच' या घोषणेपेक्षा मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेतले वीस प्रश्न सोडवून 'यातले अकरा आले, अपूर्णांकाचे राहिले' हे वाक्य जास्त उपयोगी. ते खरं आहे, आणि उद्या काय उघडायचं तेही त्यात आहे.

गैरसमज ३ : भीती वाटता कामा नये, वाईट विचार आला की हाकलून द्या

वस्तुस्थिती : हाकललेला विचार दाराशीच बसून राहतो. डॅनियल वेग्नर यांचा १९८७ मधला प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल येतच राहिलं, आणि बंदी उठल्यावर तर आणखी जास्त वेळा आलं.

धडधड होत असताना 'शांत हो' म्हणणंही फारसं चालत नाही, कारण धडधडणारं शरीर ते ऐकत नाही. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं की भाषण किंवा गणिताच्या चाचणीआधी मनाला शांत करण्यापेक्षा 'मला उत्साह आलाय' असं म्हणणाऱ्यांची कामगिरी बरी ठरली. छातीतली धडधड तीच असते, नाव बदलतं. तपासणीला अधिकारी येणार असतील, पालकसभा तापणार असेल, तर 'मला भीती वाटत नाही' हे खोटं सांगू नये. 'धडधड होतेय, म्हणजे हे काम मला महत्त्वाचं वाटतं' हे खरं आहे आणि चालतंही.

गैरसमज ४ : शिक्षकाने मनात धरलं की मूल हुशार होतं

वस्तुस्थिती : या समजाचं मूळ १९६८ च्या एका पुस्तकात आहे. रॉबर्ट रोझेन्थल आणि शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना सांगितलं की अमुक मुलं यंदा झपाट्याने पुढे जाणार आहेत. खरं तर ती नावं चिठ्ठ्या काढल्यासारखी निवडली होती. वर्षअखेर पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचे बुद्ध्यंक इतरांपेक्षा जास्त वाढलेले दिसले. वरच्या वर्गांत तसं ठळकपणे दिसलं नाही, ही गोष्ट व्याख्यानांत सहसा सांगितली जात नाही.

पुढे या प्रयोगावर भरपूर टीका झाली. ली जसिम आणि केंट हार्बर यांनी २००५ मध्ये त्यानंतरच्या संशोधनाचा आढावा घेतला. अपेक्षांचा परिणाम असतो, पण बहुतेक वेळा तो लहान असतो, असं त्यांना दिसलं. मात्र समाजाने आधीच कमी लेखलेल्या मुलांवर तो जास्त होऊ शकतो, असंही त्यांनी नोंदवलं. वाडी-तांड्यावरच्या, पाड्यावरच्या शाळेसाठी ही ओळ महत्त्वाची आहे.

अपेक्षा मुलापर्यंत पोचते ती शिक्षकाच्या वागण्यातून. कोणाला प्रश्न विचारला, किती वेळ वाट पाहिली, चुकल्यावर पुढच्या मुलाकडे वळलो की त्याच मुलाला आणखी एक खूण दिली. मेरी बड रो यांनी वर्गांची निरीक्षणं करून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. ही वाट तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. 'याला येणार नाही' हे मनातलं वाक्य त्या दोन सेकंदांत बाहेर दिसतं.

गैरसमज ५ : 'वाढीची मानसिकता' म्हणजे प्रत्येकाला शाबासकी

वस्तुस्थिती : आपल्याकडे वर्गात मागे राहणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणतात. ब्राह्मी लिपीपासून सगळी अक्षरं बदलत गेली, एक 'ढ' तेवढा जवळपास तसाच राहिला, म्हणून हे नाव पडलं असं सांगितलं जातं. जो बदलत नाही तो ढ. कॅरोल ड्वेक यांनी ज्याला स्थिर मानसिकता म्हटलं, तिचं इतकं नेमकं नाव आपल्या भाषेत आधीपासून आहे. क्षमता बदलू शकते असं मानणं ही तिची दुसरी बाजू, म्हणजे वाढीची मानसिकता.

पण याचा अर्थ 'छान प्रयत्न केलास' म्हणत सुटणं नव्हे. पोकळ कौतुकाला ड्वेक यांनी स्वतःच विरोध केला आहे. प्रयत्नासोबत पद्धत बदलावी लागते, मदत मागावी लागते. आकडेही माफक आहेत. २०१९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अमेरिकेतल्या नववीच्या बारा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास आला. तासाभराहून छोटा ऑनलाइन पाठ दिल्यावर मागे असलेल्या मुलांची सरासरी श्रेणी ०.१ ने वाढली. वाढ खरी होती, पण चमत्कार नव्हता. त्याच गटाने २०२२ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. ज्या गणित शिक्षकांचा स्वतःचा विश्वास क्षमता वाढते यावर होता, त्यांच्या वर्गात या पाठाचा उपयोग झाला. ज्यांचा नव्हता, तिथे तो विरून गेला.

म्हणजे पोस्टर भिंतीवर लावून भागत नाही. आणि 'गणित माझ्या रक्तातच नाही' असं स्वतःबद्दल म्हणणारा शिक्षक मुलाला 'तुला जमेल' म्हणतो, तेव्हा मूल दोन्ही वाक्यं ऐकत असतं.

गैरसमज ६ : गुरुजींना सगळं यायलाच हवं, न आल्यास मान जातो

वस्तुस्थिती : याचं उत्तर पिपरीपासून हाकेच्या अंतरावर आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिथून डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नई तालीमचा आराखडा आला. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटं हस्तोद्योगाला दिली होती. सूतकताई, शेती, सुतारकाम, आणि त्यातूनच गणित, भूगोल, विज्ञान. पुस्तकी शाळेत शिकून शिक्षक झालेल्याला याचा अर्थ एकच होता : आधी आपण टकळी हातात घ्यायची, आपलं सूत तुटायचं, आणि मुलांसमोर पुन्हा जोडायचं. आर्यनायकम दांपत्याने सेवाग्रामला हे काम वाढवलं. तिथल्या आनंद निकेतन शाळेने २००५ पासून तो धागा पुन्हा हाती घेतला आहे.

नई तालीमच्या अर्थकारणावर मतभेद होते, आजही आहेत. पण शिकणारा शिक्षक ही कल्पना त्यात मध्यभागी होती. टीईटीचं पुस्तक घेऊन बसलेले सर किंवा मॅडम वर्गात सांगू शकतात, "मीही परीक्षा देणार आहे, काल माझी चार गणितं चुकली." यात मान जात नाही. चुकल्यावर मोठी माणसं काय करतात, हे पाहायला मुलांना फार कमी वेळा मिळतं.

गैरसमज ७ : मन खंबीर असलं की परिस्थितीचं काही चालत नाही

वस्तुस्थिती : हा सर्वांत सोयीचा गैरसमज, कारण यात सगळा दोष शिक्षकाच्या डोक्यावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणात 'बर्नआऊट'ची नोंद कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. त्याची व्याख्याच अशी आहे : कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने येणारी अवस्था. स्वभावदोष नव्हे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढे अपवाद सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. प्रत्यक्षात मात्र दोन शिक्षकी शाळेतले एक सर बैठकीला गेले की चार वर्ग एकट्या मॅडमकडे येतात. तिथे कितीही चांगला स्वसंवाद केला तरी मॅडम एकीच्या दोन होत नाहीत. अशा वेळी 'मीच कमी पडतो' हे वाक्य खोटं आहे. 'चार वर्गांना एकच शिक्षक पुरत नाही, आणि त्यासाठी अर्ज करायचा आहे' हे खरं.

परिस्थिती हटत नाही तेव्हा विचारसरणीने काय होतं, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामात दिसतं. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांचं बालशिक्षणाचं काम सुरू झालं, १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती. 'यांना शिक्षणाची आवड नाही' असं म्हणून थांबता आलं असतं. त्यांनी प्रश्न उलटा केला : मुलं शाळेत येत नसतील तर शाळा मुलांकडे जाईल. त्यातून अंगणवाडी आली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा आली. गरिबी त्याने संपली नाही. पण 'मुलं येत नाहीत' या तक्रारीतून पुढचं काम निघालं.

मग स्वतःशी काय बोलावं?

एवढं सगळं चाळून दोन कसोट्या उरतात. मनातलं वाक्य खरं आहे का? आणि त्यात पुढचं काम आहे का? 'माझ्याने काही होत नाही' पहिल्या कसोटीला उतरत नाही. 'सगळं छान होईल' दुसऱ्या कसोटीला उतरत नाही. 'सातपैकी तीन मुलांना हातचा समजला, उद्या उरलेल्या चौघांना काड्यांचे गठ्ठे देऊन बघतो' हे दोन्ही कसोट्यांना उतरतं.

मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांनाही एक विनंती. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत प्रेरणादायी भाषणाऐवजी अर्धा तास असा ठेवा, ज्यात एकेक शिक्षक यंदा न जमलेली एक गोष्ट सांगेल आणि बाकीचे फक्त आपण काय करून पाहिलं तेवढंच सांगतील. दुसऱ्याचं यश पाहणं हा बांडुरांचा दुसरा स्रोत, आणि त्याला खर्च येत नाही.

आणि गाडीवरून शाळेत पोचल्यावर, हजेरीत त्या एका गप्प मुलाचं नाव आलं की त्याला एक प्रश्न विचारा. मग मनात तीन मोजा. उत्तर येईल किंवा येणार नाही, पण त्याला वाट पाहणारं कोणीतरी मिळालेलं असेल.