काजू धरेपर्यंत घरात काय शिजणार?

व्हिडिओत घाईघाईत सांगितलेला हिशोब इथे नीट मांडतो. वही-पेन घ्या.

कोकणात १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेमुळे छोट्या शेतकऱ्यांनीही आंबा-काजू लावला. चांगलंच झालं. पण बिझनेसच्या भाषेत बघा: काजूचं कलम तिसऱ्या वर्षी थोडं धरायला लागतं, हाताला लागेल असं उत्पन्न त्याच्याही नंतर. तोवर फक्त खर्च. आणि पुढेही पैसा वर्षातून एकदाच, मार्च ते मे. पेरणी, शाळा, आजारपण येतं पावसात, आणि तेव्हा घर चालतं दुकानदाराच्या उधारीच्या वहीवर.

आता जागेचं बघू. ७ बाय ७ मीटरवर लावलं तर एकरात साधारण ८० कलमं बसतात. प्रत्येकाभोवती चारी बाजूंनी एक मीटर जागा सोडा. सगळी मिळून किती झाली? अडीच गुंठे! ४० पैकी ३७ गुंठे पहिल्या वर्षी रिकामेच. दुकानाचं भाडं भरून नव्वद टक्के फळ्या मोकळ्या ठेवणारा दुकानदार तुम्ही पाहिलाय का?

अर्थात सगळे ३७ गुंठे पिकणार नाहीत. कातळ असतो, उतार असतो. जिथे माती आहे तिथे पावसाळ्यात नाचणी, ती निघाली की उरलेल्या ओलीवर कुळीथ किंवा चवळी. भाकरी आणि पिठी, दोन्ही घरचं. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात, तो फायदा वेगळा. नांगर मात्र कलमाच्या जवळ नेऊ नका. मुळं तुटली की पुढच्या वीस वर्षांचं भांडवल गेलं.

मला स्वतःला यात सुरण सगळ्यात आवडतो. मे-जूनमध्ये साधारण अर्धा किलोचं बेणं लावायचं, पाला पिवळा पडून कोलमडला की काढायचं. आणि लगेच नाही काढलं तरी चालतं! जमीन हेच गोदाम. रानडुकरं असतील तर हे गणित बिघडतं, कुंपणाचा खर्च आधी धरा.

‘नाचणी विकून कितीसे मिळणार?’ असं बरेच जण विचारतात. विकायचीच कशाला? वहीत तिची किंमत दुकानातल्या भावाने लिहा, कारण तेवढी तुम्ही विकत घेतली नाहीत. मजुरी लावून हा हिशोब तोट्यात जाऊ शकतो, घरची माणसं असतील तरच जमतो. हे लपवत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवीन माड धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. तिथेही हाच प्रश्न: मधली वर्षं कशावर काढायची? वाडीत पाणी आहे, त्यामुळे केळी आणि भाजीसुद्धा घेता येते.

चौथ्या-पाचव्या वर्षी सावली वाढली की नाचणी हटते. मग हळद, आलं, सुरण. ही अर्ध्या सावलीत चालतात. म्हणून पहिल्या वर्षी थोडाच सुरण लावा आणि निघालेल्यातलं बेणं राखून ठेवा. विकत घ्यायला गेलात तर सगळ्यात महाग तेच पडतं.