भिंतीच्या फळीला मुरू द्यावं लागतं

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं काँक्रीटच्या कारखान्यावर काय बोलावं, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. पण माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं कंपाऊंडच्या तयार भिंतींचा छोटा कारखाना काढला आणि पहिल्याच पावसाळ्यात तो वह्या घेऊन माझ्याकडे आला. एका शाळेच्या आवारात उतरवताना त्याच्या फळ्या मोडल्या होत्या. कर्जापोटी आईच्या नावची जमीन गहाण होती. म्हणाला, "सर, सिमेंट कमी घातलं नाही, तारेत काटकसर केली नाही. मग मोडल्या कशा?"

आधी ही भिंत काय असते ते पाहू. खाचा असलेले खांब जमिनीत रोवायचे आणि त्या खाचांमधून फळ्या वरून एकावर एक सोडायच्या. कारखान्यात या फळीला 'प्लेट' म्हणतात. समजा, ती २ मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर जाड आहे. म्हणजे ०.०३ घनमीटर काँक्रीट, वजन ७० ते ७५ किलो. काँक्रीट दाब छान सोसतं, पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच असते. म्हणून आत पोलादी तारा घालायच्या. झोसेफ मोनिए नावाच्या फ्रेंच माळ्यानं १८६७ साली झाडांच्या कुंड्यांसाठी लोखंडी जाळी आणि सिमेंट यांच्या जोडीचं पेटंट घेतलं, ते याच कारणानं.

आता पाण्याचं बघा. सिमेंटच्या वजनाच्या मानानं पाणी जितकं जास्त, तितकं काँक्रीट कमजोर. डफ एब्रम्स यांनी १९१८ मध्ये हे मांडलं. प्रमाण ०.४५ धरलं, तर ५० किलोच्या एका गोणीला साडेबावीस लिटर पाणी. माझ्या विद्यार्थ्याचा माणूस तेवढंच मोजून घालत होता. पण बाहेर पाऊस होता आणि वाळू उघड्यावर होती. एका गोणीमागे १०० किलो वाळू पडते. तिच्यात चार टक्के ओल असेल, तर चार लिटर पाणी आधीच मालात आलं! प्रमाण ०.५३ झालं, आणि वहीत मात्र साडेबावीसच. म्हणून वाळूवर छप्पर हवं, आणि ओल तपासून तेवढं पाणी वजा करायला हवं.

दुसरी चूक शब्दातली होती. मी विचारलं, "माल कधी पाठवलास?" म्हणाला, "पाचव्या दिवशी. प्लेटा सुकल्या होत्या सर."

इथे मी त्याला थांबवलं. आपण सगळेच 'सिमेंट सुकलं' म्हणतो. पण काँक्रीट सुकून कठीण होत नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होते आणि तिला ओलावा लागतो. लवकर सुकलं, तर ती क्रिया अर्धवट राहते. लोणचं जसं मुरतं, तसं हे मुरतं म्हणा हवं तर. म्हणूनच आपण पाणी मारतो. आयएस ४५६ या मानकानुसार साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटला निदान १० दिवस ओलं ठेवायचं, कोरड्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. ताकद मोजतात ती २८ व्या दिवशी. सातव्या दिवशी ती साधारण दोन तृतीयांश आलेली असते. पाचव्या दिवशीची प्लेट दिसायला हुबेहूब तशीच दिसते. डोळ्यांना फरक कळत नाही, आणि धंद्यातली खरी अडचण हीच आहे.

त्यातून हमालांनी प्लेटा आडव्या धरून उतरवल्या. हीच प्लेट कडेवर उभी धरली, तर स्वतःच्या वजनानं तिच्यात येणारा ताण आडवीच्या एक षष्ठांश असतो. उचलायची, ठेवायची, न्यायची ती उभीच.

मग तो पाचव्या दिवशी का पाठवत होता? लोभी होता म्हणून नव्हे. त्यानं सगळे पैसे साच्यांत आणि मिक्सरमध्ये घातले होते, थांबायला पैसेच ठेवले नव्हते. हिशेब करा. ४० साचे, रोज ४० प्लेटा. २८ दिवसांतले ४ रविवार सोडले, तर ९६० प्लेटा अंगणात पडून. घनमीटरला ३७५ किलो सिमेंट धरलं, तर नुसत्या सिमेंटच्याच २१६ गोण्या अडकल्या. वर खडी, तार, मजुरी, वीज आहेच. हे भांडवल यंत्राइतकंच खरं आहे, पण अंदाजपत्रकात ते फार जण लिहीत नाहीत. त्यापेक्षा २० साच्यांनी सुरुवात करावी आणि थांबण्याचे पैसे हाताशी ठेवावेत.

त्यानं तसंच केलं. शाळेला प्लेटा बदलून दिल्या, निम्मे साचे विकले. आता प्रत्येक प्लेटवर ओतल्याची तारीख असते आणि तारखेप्रमाणेच थप्प्या लागतात. मालाचे ठोकळे ७ आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून बघतो. मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक घाईत होतं, ते परत गेलं. मला फोन करून म्हणाला, "सर, वाईट वाटलं, पण झोप लागली." जमीन अजून सुटलेली नाही. हप्ते मात्र वेळेवर जातात.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.