गाडी अडवण्याचे कारण: अमेरिकेतील ‘वाजवी संशया’ची शंभर वर्षे

अमेरिकेत पोलिसांनी चालती गाडी थांबवली की कायद्याच्या भाषेत ती ‘जप्ती’ ठरते. काही मिनिटांपुरती का होईना, गाडी आणि तिच्यातली माणसे सरकारच्या ताब्यात गेलेली असतात. राज्यघटनेची चौथी दुरुस्ती नागरिकाला अवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण देते. ती १७९१ सालची, म्हणजे घोडागाडीच्या काळातली. मोटारचालकाला केव्हा अडवता येते याचे उत्तर तिच्या शब्दांत मिळत नाही. ते सर्वोच्च न्यायालयाने एकेका खटल्यातून घडवत नेले.

सुरुवात दारूबंदीच्या काळात झाली. डिसेंबर १९२१ मध्ये मिशिगनमध्ये डेट्रॉइट ते ग्रँड रॅपिड्स रस्त्यावर दारूबंदी अधिकाऱ्यांनी जॉर्ज कॅरॉलची गाडी अडवली. सीटच्या अस्तराआड व्हिस्की आणि जिनच्या बाटल्या निघाल्या. गाडीतल्या माणसांना हे अधिकारी काही आठवड्यांपूर्वी ग्राहक बनून भेटले होते, त्यामुळे गाडी त्यांच्या ओळखीची होती. १९२५ च्या निकालात न्यायालय म्हणाले, गाडी क्षणात पसार होऊ शकते, म्हणून वॉरंटची वाट पाहायला नको. मात्र सबळ कारण हवेच. रस्त्याने सरळ जाणाऱ्या माणसाला विनाअडथळा जाण्याचा हक्क आहे, हेही त्याच निकालात आहे.

‘सबळ कारणा’पेक्षा खालची पायरी आली ती १९६८ मध्ये, टेरी विरुद्ध ओहायो खटल्यात, आणि त्यात गाडीचा संबंधच नव्हता. क्लीव्हलँडमध्ये मार्टिन मॅकफॅडन या मुरलेल्या गुप्तहेराला दोन माणसे एकाच दुकानाच्या काचेतून आळीपाळीने डोकावताना दिसली. दोघांच्या मिळून डझनभर फेऱ्या झाल्या. त्याने त्यांना अडवून चाचपले, तेव्हा पिस्तुले सापडली. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिलेल्या निकालाने कसोटी घालून दिली: पोलिसाला ठोस गोष्टी बोट ठेवून सांगता आल्या पाहिजेत; नुसते मनात आले, एवढ्यावर भागत नाही. यालाच पुढे ‘वाजवी संशय’ म्हटले जाऊ लागले. या मागोव्यातली सगळी ओढाताण ‘सांगता येणे’ या दोन शब्दांभोवतीच आहे.

ही कसोटी काही वर्षांतच गाड्यांपर्यंत पोचली. १९७५ च्या ब्रिग्नोनी-पॉन्से खटल्यात कॅलिफोर्नियातील सीमा गस्ती दलाने एक गाडी अडवली होती, ती केवळ आतले तिघे मेक्सिकन वंशाचे दिसत होते म्हणून. हे कारण पुरेसे नाही, असे न्यायालयाने सांगितले. पण दिसण्याला इतर गोष्टींच्या जोडीने वजन असू शकते, अशी वाटही ठेवली. ती वाट पुढे महागात पडली.

चालकाच्या बाजूने सर्वांत स्वच्छ निकाल १९७९ चा, डेलावेअर विरुद्ध प्राउज. गस्तीवरच्या पोलिसाने कोणताही नियम मोडला गेलेला नसताना एक गाडी थांबवली. कारण विचारल्यावर, हाताशी दुसरे काम नव्हते म्हणून थांबवली, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी ठरवले की नुसते लायसन्स आणि नोंदणी पाहण्यासाठी वाटेल ती गाडी थांबवता येणार नाही. हा फरक मराठी वाचकाला चटकन जाणवेल. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार गणवेशातल्या पोलिसाने मागितले की सार्वजनिक ठिकाणी चालकाला लायसन्स दाखवावेच लागते. संशयाची अट त्या कलमात नाही. अमेरिकेतही सगळ्याच गाड्या ठरलेल्या पद्धतीने थांबवणारी, मद्यपी चालक शोधण्यासाठीची नाकाबंदी १९९० मध्ये वैध ठरली. अमली पदार्थ शोधण्यासाठीची इंडियानापोलिसची नाकाबंदी मात्र २००० मध्ये रद्द झाली.

प्राउजने जे दिले, त्यातले बरेचसे १९९६ च्या व्रेन निकालाने काढून घेतले. वॉशिंग्टनमध्ये अमली पदार्थांच्या मागावरच्या साध्या वेशातल्या पोलिसांना चौकात एक पाथफाइंडर गाडी २० सेकंदांहून अधिक थांबलेली दिसली. मग ती सिग्नल न देता वळली. त्यांनी ती अडवली आणि कोकेन सापडले. खुद्द शहराच्या पोलीस नियमांनुसार, तातडीचा धोका नसेल तर साध्या वेशातल्यांनी वाहतुकीची कारवाई करायची नव्हती. तरी न्यायालय एकमताने म्हणाले, वाहतुकीचा नियम मोडला गेला एवढे पुरे. पोलिसाच्या मनात काय होते ते पाहायचे नाही. वाहतुकीचे नियम इतके बारीक आहेत की एखाद्या गाडीमागे चार-पाच मैल राहिले तर काहीतरी सापडतेच. म्हणजे अडवायचे आधी ठरवा, कारण मागून मिळेल. कृष्णवर्णीय चालकांच्या अनुभवातून आलेला ‘ड्रायव्हिंग व्हाइल ब्लॅक’ हा कडवट शब्दप्रयोग याच दशकात सर्वतोमुखी झाला. १९९९ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्यघटनेच्या आधारे अशा बहाण्याच्या अडवणुकीला नकार दिला.

त्यानंतर संशयाचा उंबरठा खालीच येत गेला. २०१४ च्या नॅव्हारेट खटल्यात एका निनावी ९११ कॉलवरून पिकअप अडवली गेली. पोलीस सुमारे पाच मिनिटे तिच्या मागे होते आणि तिच्या चालण्यात त्यांना काहीच वावगे दिसले नव्हते. तरी अडवणूक ५ विरुद्ध ४ मतांनी टिकली. त्याच वर्षीच्या हाइन निकालात एक ब्रेक-लाइट बंद म्हणून गाडी थांबवली होती. नॉर्थ कॅरोलायनाचा कायदा एकच चालू दिवा मागत होता, तरी पोलिसाची चूक ‘वाजवी’ ठरली. २०२० च्या कॅन्सस विरुद्ध ग्लोव्हरमध्ये नंबर प्लेटवरून मालकाचे लायसन्स रद्द झाल्याचे कळले, एवढ्यावर अडवणूक वैध ठरली. गाडी बहुधा मालकच चालवत असणार, हे साधे अनुमान पुरले. पण मालक साठीतला आणि चालवणारी पंचविशीतली दिसत असेल, तर तो संशय उरत नाही, हेही न्यायालयाने नोंदवले.

वेळेच्या बाबतीत मात्र न्यायालय कडक राहिले. २०१५ च्या रॉड्रिग्ज खटल्यात चालकाला ताकीद देऊन झाल्यावर श्वानाकडून गाडी हुंगवण्यासाठी सात-आठ मिनिटे थांबवले होते. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्या निकालाने ते रोखले: वाहतुकीचे काम संपले की वेगळ्या वाजवी संशयाशिवाय गाडी अडवून ठेवता येत नाही.

काही ठिकाणी बदल कायदेमंडळातून आला. फिलाडेल्फियाने २०२१ मध्ये केलेला कायदा पुढच्या वर्षी अमलात आला. एक दिवा बंद असण्यासारख्या आठ किरकोळ कारणांसाठीच गाडी थांबवण्यास त्याने मनाई केली.

८ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिस परिसरातील स्थलांतर अधिकाऱ्यांच्या अडवणुकींवर खालच्या न्यायालयाने घातलेल्या निर्बंधांना स्थगिती दिली. बहुमताने कारणे दिली नाहीत. न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मत लिहिले: वांशिक दिसणे एकटे पुरेसे नाही, पण इतर बाबींसोबत ते विचारात घेता येते. आधार होता १९७५ चा ब्रिग्नोनी-पॉन्से.