कौलांवर सोलर? थांबा, आधी वासे बघू!

मागच्या महिन्यात पुण्यात कसबा पेठेत मामाकडे गेले होते. शंभरी पार केलेला वाडा. मधे चौक, ओसरी, वर कडीपाट आणि त्यावर मंगलोरी कौलं. चहा होतोय तोवर मामानं बॉम्ब टाकला, "सोलर बसवतोय. सबसिडी आहे म्हणे."

मी एकदम खूश! क्लायमेट चेंजवर प्रेझेंटेशन देणारी भाची अजून काय म्हणणार? पण आजी म्हणाली, "पावसाळ्याआधी कौलं चाळायला माणूस चढतो, तेव्हा माझा जीव खालीवर होतो. त्यावर हे काय काय ठेवणार?"

खरं सांगू? आजीचा प्रश्न आमच्यापेक्षा शहाणा होता.

आधी सबसिडीचं गणित बघू. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना सुरू झाली. घरगुती सोलरला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून जास्तला एकूण ७८ हजार रुपये अनुदान. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. स्लॅबचं घर असेल तर विषय सोपा आहे.

वाड्याचं तसं नसतं. एका पॅनलचं वजन २५ किलोच्या आसपास. तीन किलोवॉटला असे सहा-सात पॅनल, शिवाय लोखंडी सांगाडा. हे सगळं पेलणार कोण? तर कौलांखालच्या रिपा आणि जुने वासे. वजनापेक्षाही मोठा त्रास वाऱ्याचा. तो पॅनलच्या खाली शिरून त्याला वर उचलायला बघतो. सांगाडा घट्ट बसवायचा म्हणजे कौलं काढून वाशांना भोकं पाडायची. तिथून पाणी मुरलं की लाकूड कुजतं, आणि ते खालून दिसतही नाही. आमच्याकडे पाहणीला आलेला माणूस मात्र मोबाइलवर फोटो काढून "होऊन जाईल" म्हणाला आणि गेला. वासा त्यानं एकदाही ठोकून पाहिला नाही.

मग वारसा जपायचा म्हणून सोलरला नाहीच म्हणायचं? इथे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलची गोष्ट ऐका. या इमारतीचं काम १४४६ मध्ये सुरू झालं. तिच्या छतावर पॅनल बसवायला वारसा सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचाच आक्षेप होता. तरी २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि ४३८ पॅनल बसले. महत्त्वाचं म्हणजे छताचं शिसं तेव्हा दुरुस्तीसाठी निघणारच होतं, त्याच कामात हेही झालं. इटलीत पॉम्पेईला तर वेगळीच आयडिया. तिथल्या काही घरांवर जुन्या रोमन कौलांसारखी दिसणारी सोलर कौलं बसवली आहेत.

म्हणजे प्रश्न 'सोलर की वाडा' असा नाहीच. कुठे, कधी आणि कसं, हा खरा प्रश्न आहे. उलट वाड्यात राहणं परवडलं नाही, की तो बिल्डरकडे जातो. आमच्या गल्लीत असे किती गेले, ते मामा बोटांवर मोजून दाखवतो. वीजबिल कमी होणं हेसुद्धा वाडा टिकवणंच आहे.

तुमच्या घरीही असा वाडा असेल, तर पॅनलचं कोटेशन मागवण्याआधी एवढं करा :

* विजेची गळती थांबवा. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा तीसेक वॉट. जाड भिंती आणि चौक उन्हाळ्यात तुमच्या बाजूनं आहेतच.
* छत स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा, फक्त सोलरवाल्याला नको.
* घर महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, ते बघा. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तिथे परवानगीची चौकशी आधी.
* शेजारच्या इमारतीची सावली दिवसभरात कुठे कुठे पडते, ते बघा. सावलीतला पॅनल म्हणजे नुसतं ओझं.
* कौलं उतरवून दुरुस्ती होणारच असेल, तर निर्णय तेव्हा घ्या.

आमचं काय ठरलं? वाड्याच्या मागे, न्हाणीघरावर नंतर घातलेला स्लॅब आहे. जागा दोनशे चौरस फुटांच्या थोडी वर, ऊन चांगलं आणि रस्त्यावरून काहीच दिसत नाही. स्लॅब तपासून तिथे दोन किलोवॉट बसवायचे. महिन्याला साधारण २४० युनिट, म्हणजे तिघांच्या घराला भरपूर. अनुदानाचे १८ हजार कमी मिळतील, म्हणून मामा जरा हळहळला.

आजीनं मात्र हिशेब लगेच मिटवला. "ते अठरा हजार वाशांना लागले असते रे," म्हणाली आणि चहाचे कप उचलून आत गेली.