भाड्याआधी कागद

एखादा फ्लॅट भाड्याने देणारा मालक भाड्याच्या आकड्यावर घासाघीस करतो आणि करारनाम्याची नोंदणी मात्र टाळतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे कलम 55 लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे करते, आणि ती जबाबदारी मालकावर टाकते. नोंदणी नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवायचे ओझे मालकावर.

खर्चाचा आक्षेप मला पटत नाही. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या 0.25 टक्के. महिना 25,000 भाडे धरले, तर अकरा महिन्यांच्या भाड्यावर ते सातशेच्याही आत. अनामत आणि नोंदणी फीचे थोडे वेगळे. भाडेकरू ओळखीचा आहे, हेही कारण पुरेसे नाही, कारण वाद बहुधा मुदत संपल्यावर होतो. तेव्हा कलम 24 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते. तिथे नोंदणीकृत करार हाच मालकाचा मुख्य पुरावा.