'पदच्युत' आणि 'पायउतार' : अर्थातील भेद

'च्युत' म्हणजे ढळलेला. एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध अधिकारपदावरून दूर सारणे म्हणजे 'पदच्युत करणे'. नागपूरच्या आप्पासाहेब भोसले यांना इंग्रजांनी १८१८ मध्ये पदच्युत केले. नोकरीतून कायमचे काढल्यास 'बडतर्फ करणे', तर स्वतः पद सोडल्यास 'पायउतार होणे' असे म्हणतात.

मात्र प्रत्येक प्रसंग इतका सरळ नसतो. मार्च १९३९ मध्ये जबलपूरजवळील त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. निवडून आलेले अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी गांधीजींच्या इच्छेनुसार कार्यसमिती नेमावी, असा ठराव तेथे संमत झाला. तडजोड न झाल्याने एप्रिलमध्ये बोस यांनी राजीनामा दिला. त्यांना कोणी पदच्युत केले नाही. परंतु नुसते 'पायउतार झाले' म्हटल्यास ठरावाचा दबाव झाकला जातो. 'पायउतार व्हावे लागले' हाच प्रयोग येथे यथार्थ ठरतो.