जुन्या दाराचे नवे आवरण

शिवालिकच्या पायथ्याशी, चंडीगडला लागून पंचकुला हे नगर वसले आहे. ज्येष्ठात तेथे कोरडी लू वाहते, श्रावणात हवा ओलाव्याने जड होते आणि पौषात धुके दाटते. माणूस ऋतूप्रमाणे वस्त्रे बदलतो. लाकडाला ती सोय नाही. ते ओलावा शोषून फुगते व तो गमावून आकसते. ही हालचाल मुख्यतः फळीच्या रुंदीत होत असल्यामुळे पावसाळ्यात दार चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात फळ्यांमध्ये फटी दिसू लागतात. रंग काढून उघडे केलेले जुने दार तर या ऋतुचक्रापुढे अगदीच निराधार असते.

अशा दारावर लगोलग पॉलिश चढविण्याचा मोह आवरला पाहिजे. रंग कॉस्टिक सोड्याने काढला असल्यास क्षाराचा अंश लाकडात राहतो. मग डाग उमटतात आणि पॉलिश नीट धरत नाही. यास्तव दार स्वच्छ पाण्याने धुवावे, थोडा व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याने पुसावे, पुन्हा साधे पाणी फिरवावे आणि हवेशीर सावलीत सावकाश वाळवावे. कडक उन्हात फळी पीळ धरते.

दुसरी दक्षता आरोग्याची आहे. घरगुती रंगांतील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम भारतात २०१६ साली झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे अधिक असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. म्हणून खाचांत राहिलेला रंग कोरडा घासू नये. तो ओला करून काढावा, धूळ ओल्या फडक्याने टिपावी आणि मुलांना दूर ठेवावे.

यानंतर काचकागद लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा. आडवा फिरविलेला कागद ओरखडे पाडतो व पॉलिशखाली ते अधिकच उठून दिसतात. आतल्या दारास स्पिरिटमध्ये विरघळविलेली चपडा लाख शोभते. ती लवकर वाळते आणि खराब झालेला भाग पुन्हा सहज दुरुस्त होतो. मात्र पाणी व उष्णता तिला सोसत नाहीत. रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात, ते जवसाचे तेल पातळ थरांत द्यावे व जादा तेल पुसून घ्यावे. तेलाचे बोळे गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेतात. ते पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत. ऊनपाऊस झेलणाऱ्या बाहेरच्या दारास बाहेरच्या कामासाठी केलेले वॉर्निशच द्यावे. दाराच्या वरच्या व खालच्या कडा बहुधा विसरल्या जातात. पण तेथे लाकडाचे तंतू उघडे असतात व पाणी तेथूनच झपाट्याने आत शिरते.

जुनेपणाच्या खुणा कितपत पुसाव्यात, याचा धडा चंडीगडनेच दिला आहे. पिएर झानरे यांच्या देखरेखीखाली तेथील कचेऱ्यांसाठी घडविलेले सागवानी सामान पुढे पुष्कळसे भंगार म्हणून विकले गेले. परदेशी लिलावांत त्याला मोठी किंमत येऊ लागली, तेव्हा कोठे त्याचे मोल उमगले. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वस्तूंच्या विक्रीस व निर्यातीस मनाई केली. घरातील दाराला असा लौकिक लाभणार नाही. तथापि कडीपाशी पिढ्यान्पिढ्यांच्या हातांनी झिजलेली जागा रंध्याने सपाट केली, तर कोणतेही पॉलिश ती परत आणू शकत नाही.